सचिवपदाला उभी राहते आहेस, म्हणून

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

आपल्या प्राध्यापक संघटनेच्या जिल्हा शाखेच्या निवडणुकीचा अर्ज भरल्याचं परवा फोनवर सांगितलंस. अध्यक्षपदाच्या मागे न लागता सचिवपदाला उभी राहिलीस हे मला आवडलं. हार अध्यक्षाच्या गळ्यात पडतो. पावतीपुस्तक, मतदार यादी आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाचे जिने सचिवाच्या वाट्याला येतात. बारा वर्षं मी ते जिने चढलोय. गुडघे उगाच गेले नाहीत.

प्रचाराला निघशील तेव्हा प्रत्येक स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न जुन्या पेन्शनचा येईल. १ नोव्हेंबर २००५ ही तारीख आपल्याकडे माणसांना जन्मतारखेपेक्षा पक्की पाठ आहे. एकाच टेबलावर चहा घेणारे दोघे, विषय तोच, वर्कलोड तोच. एक त्या तारखेच्या आधी लागला आणि दुसरा नंतर, एवढ्यावर दोघांचं म्हातारपण वेगळं झालं. ‘निवडून आले की मिळवून देते’ असं कुणालाही सांगू नकोस. मार्च २०२३ मध्ये सगळं राज्य संपावर गेलं होतं, तरी तो प्रश्न एका आठवड्यात सुटला नाही. तो तुझ्या जिल्हा शाखेकडून सुटेल असं म्हणणं म्हणजे समोरच्याला खुळ्यात काढणं.

तुझ्या हातात जे आहे ते लहान आहे आणि कंटाळवाणं आहे. सर्व्हिस बुकातली न झालेली सही. वेतननिश्चितीत चुकलेली वेतनवाढीची तारीख. सातवा आयोग आपल्याला १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, पण शासन निर्णय निघाला ८ मार्च २०१९ ला. मधल्या तीन वर्षांत बढती झालेल्यांचे, नवं वेतन कोणत्या तारखेपासून घ्यायचं या विकल्पाचे घोळ निवृत्तीपर्यंत पुरले.

एक गोष्ट सांगतो, आजवर कुणाला सांगितलेली नाही. आमच्या एका सहकाऱ्याची कॅसची, म्हणजे सेवेच्या वर्षांवर मिळणाऱ्या बढतीची, फाइल त्रुटी काढून परत आली होती. रिफ्रेशर कोर्सच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडायची राहिली होती, बस्स. त्यानं ती प्रत मला आणून दिली आणि मी ती शबनममध्ये टाकली. तेव्हा आझाद मैदानाच्या मोर्चाची तयारी चालली होती. गाड्या ठरवायच्या, फलक लिहून घ्यायचे. भाषण माझं चांगलं झालं म्हणतात. प्रत मात्र पिशवीत अडीच महिने राहिली, कॅसच्या फायली तपासायचा कॅम्प होऊन गेला, आणि पुढचा कॅम्प लागेपर्यंत तो गृहस्थ निवृत्त झाला. पेन्शनचे कागद जुन्याच वेतनावर गेले. ते दुरुस्त व्हायला चार वर्षं लागली. तो मला एका शब्दानं बोलला नाही, उलट दिवाळीला फराळ पाठवायचा. तो चिवडा माझ्या घशाखाली उतरायचा नाही.

मोर्चे काढू नकोस असं मी म्हणत नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत एमफुक्टोनं, म्हणजे प्राध्यापकांच्या राज्य महासंघानं, परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला तेव्हा मीही त्यात होतो. सहाव्या आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्यांची सेवा हे तेव्हाचे प्रश्न. ७१ दिवसांचा पगार अडकला. आमच्याकडे घराचा हप्ता पतपेढीच्या कर्जातून भरला. पोरांचे पालक रस्त्यात अडवून विचारायचे, आणि त्यांचंही चूक नव्हतं. तो पगार मिळवायला पुढं वर्षानुवर्षं कोर्टकचेरी करावी लागली. लढा पुकारताना सभासदाच्या घरात किती महिन्यांचं धान्य आहे याचा अंदाज पुकारणाऱ्याला हवा.

कायद्याचंही एक ध्यानात ठेव. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली सांगून टाकलं की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक ‘कामगार’ बसत नाही. त्यामुळे कामगार न्यायालयाचा रस्ता आपल्याला नाही. संस्थेनं नोकरीवरून काढलं तर विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण, आणि शासनानं पगार अडवला तर उच्च न्यायालय. दोन्हीकडे तारीख आणि आवक क्रमांक असलेला कागद लागतो. निवेदन दिलंस की पोच घे. साहेब ओळखीचे असले तर हमखास घे.

आता जे लिहायला बसलो होतो ते. तुझ्या मतदार यादीत तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर, शिकवणारी पोरं नाहीत. आपल्या संघटनेच्या घटनेत सभासदत्व फक्त मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षकाला आहे, आणि ती घटना लिहिणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा वाटलं, ही मंडळी वर्षा-दोन वर्षांची, कायम झाली की येतील. तू स्वतः आठवड्याला नऊ तासांवर सहा वर्षं काढलीस. सुट्टीचा पैसा नाही, दरवर्षी नव्यानं मुलाखत, आणि पावसाळ्यात घेतलेल्या तासांचं बिल कधी कधी उन्हाळ्यात. २०८८ जागांच्या भरतीत तुझा नंबर लागला. तुझ्या बाकावरचे अजून तिथेच आहेत. त्यांना भेटून तुला एकही मत मिळणार नाही. तुझ्या पॅनेलचे लोक म्हणतील, घटनादुरुस्तीचं आत्ता काढू नका, मतं फुटतील. फुटतीलही. तरी जाहीरनाम्यात घाल, आणि पहिल्या तीन ओळींत घाल. शेवटी घातलेलं कुणी वाचत नाही.

रविवारी सकाळी ये. घटनेची मूळ प्रत माझ्याकडे आहे, कोपरे वाळवीनं खाल्लेत पण सभासदत्वाचं कलम वाचता येतं. दुरुस्तीचा मसुदा दोघं मिळून करू. येताना तुझं सर्व्हिस बुकही घेऊन ये. तुझी स्वतःची कॅसची तारीख जवळ आली असेल, आणि तू अजून ते उघडलं नसशील अशी मला खात्री आहे.

तुझा,
सर