पार्लरचा कोर्स निवडताना आणि शिकताना

दहावी झाली असेल तर आधी सरकारी आयटीआयचा एक वर्षाचा कॉस्मेटॉलॉजी ट्रेड, म्हणजे पार्लरच्या कामाचा कोर्स, बघ. फी खाजगी अकादमीच्या मानाने फारच कमी, आणि पास झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. खाजगीकडेच जायचं असेल तर ब्रोशर बाजूला ठेव आणि एवढंच विचार: डमीवर नाही, खऱ्या माणसांवर किती सराव करायला मिळणार?

नवख्यांचं वॅक्सिंग बहुतेक वेळा बिघडतं ते पट्टी ओढताना. वॅक्सची उष्णता आधी स्वतःच्या मनगटावर तपास. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने पातळ थर लाव आणि त्यावर पट्टी दाबून बसव. मग एका हाताने त्वचा ताणून धर आणि पट्टी उलट दिशेने, त्वचेला समांतर, एका झटक्यात काढ. वर उचलून ओढलीस तर केस मधेच तुटतात, त्वचा काळीनिळी पडते आणि पुढे केस आतल्या आत वाढतात. चेहऱ्याला रेटिनॉल (सुरकुत्या-मुरुमांच्या क्रीममधलं व्हिटॅमिन ए) लावणाऱ्या क्लायंटला तिथे वॅक्स करूच नकोस, सालटं निघतं.

हेअर कलरच्या ४८ तास आधी कानामागे पॅच टेस्ट, म्हणजे थोडासा रंग लावून अ‍ॅलर्जी येते का ते बघणं, हवीच. जुनी क्लायंट असली तरी कर, कारण वर्षानुवर्षं चाललेल्या रंगाचीही अचानक अ‍ॅलर्जी येते आणि चेहरा सुजतो.