बोलताना आपली वाक्यं इतकी तुटक असतात, तरी समोरच्याला सगळं कळतं कसं? संभाषणाला काही नियम असतात का?

असतात, आणि चांगलेच काटेकोर असतात. ते शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकात नसतात, एवढंच.

मी मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून शब्दशः उतरवून काढायचं काम करते. 'अं', 'म्हणजे', मध्येच सोडून दिलेली वाक्यं, एकमेकांवर चढलेले आवाज, सगळं जसंच्या तसं लिहायचं असतं. असा उतारा नुसता वाचला तर वाटतं, ही माणसं इतकी अडखळत का बोलतायत? तेच ध्वनिमुद्रण कानाने ऐकलं की काहीही खटकत नाही. कारण बोलणं म्हणजे बिघडलेलं लेखन नव्हे. दोन माणसांनी मिळून, त्या त्या क्षणी घडवलेली ती गोष्ट असते, आणि तुम्ही ज्याला तुटकपणा म्हणताय त्यातला बराचसा भाग त्या घडवण्याचं काम करत असतो.

हे नीट पाहायला सुरुवात केली ती हार्वी सॅक्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने, १९६० च्या दशकात. तातडीची मानसोपचाराची मदत मागणाऱ्यांच्या फोनची ध्वनिमुद्रणं तो ऐकत होता. फोन घेणारा आधी स्वतःचं नाव सांगायचा, म्हणजे पलीकडचाही आपसूक आपलं नाव सांगेल. एका माणसाने मात्र नेमकं तिथेच 'मला ऐकू येत नाहीये' म्हटलं. फोन घेणाऱ्याने नाव पुन्हा सांगितलं, फोन करणाऱ्यानेही ते नुसतं उच्चारून दाखवलं, आणि त्याने स्वतःचं नाव सांगायची जागा निघून गेली. नकार न देता नाव टाळलं गेलं! एखादं वाक्य काय काम करतं हे ते कुठल्या जागी आलंय यावरून ठरतं, ही या सगळ्या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

पुढे १९७४ मध्ये सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी बोलण्याची पाळी कशी बदलते यावर एक निबंध लिहिला. नियम साधा आहे. बोलणाऱ्याने पुढचा माणूस निवडला असेल (नाव घेऊन, प्रश्न विचारून, नुसतं बघूनसुद्धा), तर त्याने बोलायचं. निवडला नसेल तर जो आधी सुरू करेल त्याची पाळी. कुणीच सुरू केलं नाही, तर आधीचाच पुढे चालू ठेवू शकतो. घरातल्या जेवणावळीतल्या गलक्यापासून दोघांच्या फोनपर्यंत एवढ्यावर निभावतं.

यात वेळेचं गणित थक्क करणारं आहे. २००९ मध्ये दहा भाषांमधले हो-नाही प्रकारचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं मोजली गेली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. पण चित्र बघून त्यातल्या वस्तूचं नुसतं नाव घ्यायलाही माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचं बोलणं चालू असतानाच आपण त्याचा शेवट ओळखून उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. मराठी त्या दहांत नव्हती. पण आपल्यासारखं क्रियापद शेवटी टाकणारी जपानी होती, आणि तिच्यातलं सरासरी अंतर सगळ्यांत कमी निघालं. 'आहे की नाही' हे शेवटी कळणार म्हणून ऐकणारा थांबून राहत नाही.

हे अंतर इतकं नेमकं असल्यामुळे त्यात जरा फरक पडला की लगेच अर्थ निघतो. दोन बहिणींचा हा नमुना बघा. मी रचलेला आहे, पण असं बोलणं तुम्ही शंभरदा ऐकलं असेल:

थोरली: रविवारी येतेस ना गं जेवायला?
(जेमतेम सेकंदभर शांतता)
थोरली: की नाही जमणार?
धाकटी: हो गं ताई, अं… रविवारी ना, ह्यांच्या ऑफिसातले येणारेत बहुतेक.
थोरली: बरं, मग पुढच्या रविवारी ये.
धाकटी: हो हो, पुढच्या रविवारी नक्की.

'येतेस ना' मधल्या 'ना'ने प्रश्न आधीच होकाराकडे झुकवलेला आहे. होकार असता तर तो लगेच आला असता, 'हो, येते की!' तो आला नाही, आणि त्या शांततेचा अर्थ ताईला कळला. मग तिने काय केलं? प्रश्नच फिरवला. 'की नाही जमणार?' असं विचारल्यावर धाकटीचं नकाराचं उत्तरही 'हो'ने सुरू होऊ शकतं. 'येत नाही' हे शब्द कुणीच उच्चारले नाहीत, तरी नकार दिला गेला, घेतला गेला आणि कुणाचं मन दुखावलं नाही. 'अं', 'रविवारी ना', 'बहुतेक' हे सगळं लिहिताना कुणीही संपादक काढून टाकेल. इथे मात्र तेच नकार मऊ करतंय. होकार लगेच आणि थोडक्यात येतो, नकार उशिरा येतो आणि कारण घेऊन येतो, हा कल संशोधकांना इंग्रजीत आधी दिसला आणि नंतर इतर बऱ्याच भाषांत आढळला.

ऐकू आलं नाही, कळलं नाही, की बोलणं दुरुस्त करायचीही अशीच ठरलेली रीत आहे. आपण 'आं?' म्हणतो. नेदरलँड्समधल्या तिघा संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की एकमेकींशी नातं नसलेल्या भाषांतही या जागी जवळपास असाच छोटा, बहुधा प्रश्नार्थक सुराचा आवाज येतो. नीट ऐकलं तर हेही दिसेल की समोरच्याची चूक आपण सहसा थेट सुधारत नाही. 'मंगळवारी?' एवढंच विचारतो आणि त्याला स्वतःच 'नाही नाही, बुधवारी' म्हणायची संधी देतो.

फोन संपवण्याबद्दलही थोडं सांगते, कारण तिथे नियम फार स्पष्ट दिसतात. कुणी एकदम फोन ठेवत नाही. आधी 'बरं…', 'बाकी काय विशेष?', 'काही नाही, तू सांग', मग 'चल मग', मग 'ठेवू?', 'हो, ठेव'. यातली प्रत्येक पायरी म्हणजे 'अजून काही राहिलंय का?' असं विचारणं असतं. म्हणून तर 'अगं हां, सांगायचं राहिलंच' हे नेमकं 'चल मग'नंतर येतं. शेग्लॉफ आणि सॅक्स यांनी १९७३ मध्ये इंग्रजी फोनमध्येही हीच रचना दाखवली. शब्द वेगळे, पायऱ्या त्याच.

आणि हे सगळं बिघडतं कधी, तर व्हिडिओ कॉलवर. आवाज पोचायला एका बाजूला १५० मिलिसेकंद लागले, तर उत्तर कानावर यायला ३०० मिलिसेकंद जास्त लागणार. पुण्यातल्या आईने 'दिवाळीला येतोयस ना?' विचारलं आणि न्यू जर्सीतला मुलगा पटकन 'हो' म्हणाला, तरी आईला ते रेंगाळून म्हटल्यासारखं ऐकू येतं. दोघंही एकाच वेळी बोलायला लागतात, दोघंही थांबतात, पुन्हा एकदम सुरू होतात. दोष नेटवर्कचा असतो, पण मन तो समोरच्या माणसाच्या खाती टाकतं. अशा कॉलवर मी प्रश्न विचारून झाल्यावर मुद्दाम थांबते, आणि समोरून काही क्षण उत्तर आलं नाही तरी 'की नाही जमणार?' म्हणत नाही.

तुम्हाला स्वतः पाहायचं असेल, तर घरच्यांना विचारून गप्पांचं एखादं मिनिट ध्वनिमुद्रित करा आणि सगळं उतरवून काढा. एका मिनिटाला अर्धा तास सहज लागेल. शब्दांइतकंच दुसऱ्याने नेमकं कुठे बोलायला सुरुवात केली याकडे लक्ष द्या. बहुतेकदा ती जागा वाक्य संपायच्या अगदी टोकाला सापडेल, कधी कधी तर शेवटच्या अक्षरावर चढलेली.