वाचकांचे प्रश्न : कॅमेरा एका कंपनीचा, स्पीकर दुसऱ्या कंपनीचा

प्रश्न : वडगाव, बेळगाव येथे आमचे जुने माडीचे घर आहे. येथे आम्ही दोघे पतिपत्नीच राहतो. मुलगा पुण्यास असून त्याच्याकडे आयफोन आहे, तर मुलगी बेंगळुरूस असून तिच्याकडे अँड्रॉइड फोन आहे. पूर्वी बसवलेले चार कॅमेरे केबलने डीव्हीआरला, म्हणजे चित्रीकरण साठवणाऱ्या पेटीला, जोडलेले असून अजून चांगले चालतात. यंदा दिवाळीत मुलीने पडदा असलेला स्मार्ट स्पीकर आणि दोन वाय-फाय कॅमेरे आणले. कॅमेऱ्याच्या खोक्यावर तो या स्पीकरसह चालतो असे छापले आहे. तरी स्पीकरवर फक्त चालू दृश्य दिसते, काल रात्रीचे चित्रीकरण दिसत नाही, आणि जुने चार कॅमेरे तर त्याच्या गावीही नाहीत. दुकानदार म्हणतो, जुने सगळे काढून टाका. काय करावे?
— एक निवृत्त शिक्षक, वडगाव

उत्तर : जुने कॅमेरे काढू नका. आपल्या घरात बिघाड कशातच नाही. खोक्यावरच्या एका वाक्यातून आपण जेवढे गृहीत धरले, तेवढे ते वाक्य सांगतच नव्हते.

कॅमेऱ्याकडून आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात : आत्ता काय चालले आहे ते पाहणे, काही हालचाल झाली की कळणे, आणि झालेले मागाहून पाहता येणे. अलेक्सा किंवा गुगल होम या स्मार्ट स्पीकर चालवणाऱ्या सेवांशी कॅमेरा 'जुळतो' असे म्हटले जाते, तेव्हा बहुतेक वेळा यातली पहिलीच गोष्ट अभिप्रेत असते. हालचालीची सूचना स्पीकरवर येईल की नाही, हे कॅमेऱ्याच्या निर्मात्याने ती सोय दिली आहे का यावर ठरते. आणि चित्रीकरण बहुधा निर्मात्याच्याच ॲपमध्ये, त्याच्या क्लाउडवर (म्हणजे इंटरनेटवरील साठवणीत) किंवा कॅमेऱ्यातील मेमरी कार्डावर राहते. म्हणून कालची रात्र पाहायची असेल, तर ते ॲप उघडावे लागेल. खरेदीपूर्वी दुकानदाराला 'हा अलेक्सावर चालतो का?' एवढेच विचारू नये. 'अलेक्सावर काय दिसते, सूचना कोठे येते आणि चित्रीकरण कोठे साठते?' असे तीन प्रश्न विचारावेत. माझ्या मते खरेदीचा अर्धा निर्णय या तीन उत्तरांतच होतो.

मुलाच्या आयफोनची बाब वेगळी आहे. ॲपलच्या होम ॲपमध्ये चित्रीकरणासह कॅमेरा हवा असेल, तर मुळात त्या कॅमेऱ्याला होमकिटची, म्हणजे ॲपलच्या स्मार्ट होम व्यवस्थेची, मान्यता असावी लागते. शिवाय ॲपल टीव्ही किंवा होमपॉड यांपैकी एक उपकरण बेळगावच्या घरात सतत चालू ठेवावे लागते आणि आयक्लाउड या ॲपलच्या क्लाउडची सशुल्क योजना घ्यावी लागते. ५० जीबीच्या योजनेत एक कॅमेरा, २०० जीबीच्या योजनेत पाच आणि २ टीबीपासून पुढे हवे तेवढे कॅमेरे बसतात. चित्रीकरण मागील १० दिवसांचे राहते. केवळ मुलाला दारावर कोण आले हे पाहता यावे, यासाठी एवढा खर्च करू नये असे मी सांगेन. कॅमेऱ्याचे मूळ ॲप आयफोनवरही मिळते आणि त्यातून घरातील सर्वांना सहभागी करून घेता येते.

आता जुन्या चार कॅमेऱ्यांकडे येऊ. केबलचे कॅमेरे स्वतः कोणत्याही स्मार्ट होमशी बोलू शकत नाहीत. त्यांच्या वतीने डीव्हीआर बोलतो. डीव्हीआरच्या पाठीमागे राउटरची तार लावण्याची जागा असेल, तर त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ऑनव्हिफ आणि आरटीएसपी ही दोन नावे शोधा. ऑनव्हिफ हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून २००८ साली अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी सुरू केलेले व्यासपीठ आहे. आरटीएसपी ही त्याहून जुनी, घरच्या नेटवर्कवर चित्र पाठवण्याची पद्धत आहे. या दोहोंपैकी एक जरी मिळाले, तरी प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र दुसऱ्या कोणत्याही खुल्या, म्हणजे एकाच कंपनीशी न बांधलेल्या, प्रणालीत आणता येते. काही उपकरणांत ऑनव्हिफ कारखान्यातून बंद ठेवलेले असते आणि त्यासाठी वेगळे नाव व पासवर्ड तयार करावा लागतो. 'आमच्यात ती सोय नाही' असे तंत्रज्ञ म्हणाला, तरी सेटिंग एकदा स्वतः उघडून पाहावे.

अशा खुल्या प्रणालींपैकी होम असिस्टंट ही विनामूल्य प्रणाली मला सर्वांत भरवशाची वाटते. रास्पबेरी पायसारख्या लहानशा संगणकावर ती चालते, डीव्हीआरची चारही चित्रे आणि वाय-फाय कॅमेऱ्यांत आरटीएसपी असल्यास तीही एकाच पानावर दाखवते, आणि तेथूनच थेट दृश्य ॲपलच्या होम ॲपमध्येही पोहोचवता येते. ती बसवण्यास एखादा रविवार आणि थोडा धीर लागतो. मुलगी सुटीला घरी येईल तेव्हाच हे काम काढावे. एक अडचण मात्र हमखास येते : चित्र जोडले जाते, पण पडदा काळाच राहतो. अशा वेळी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये चित्राचा प्रकार एच २६५ आहे का ते पाहा आणि दुय्यम प्रवाहासाठी (कॅमेरा मुख्य चित्रासोबत पाठवतो त्या हलक्या चित्रासाठी) तो एच २६४ करा. अनेक पडद्यांना आणि ब्राउझरांना पहिला प्रकार वाचता येत नाही.

वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणे एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेल्या 'मॅटर' या मानकाच्या नव्या खुणेविषयी दुकानांत बरेच बोलले जाते, म्हणून तेही सांगतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटरच्या पहिल्या आवृत्तीत दिवे, प्लग, कुलपे होती, कॅमेरे नव्हते. त्यांचा समावेश नोव्हेंबर २०२५ मधील १.५ या आवृत्तीत झाला. तेव्हा घरातील दिव्यावर मॅटरची खूण आहे म्हणून कॅमेराही जुळेल असे समजू नये आणि आज चालणारा कॅमेरा त्या खुणेसाठी बदलूही नये.

प्रश्न : आमचे घर खानापूर तालुक्यात आहे. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही वारंवार जातात. भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. स्मार्ट कॅमेरा घ्यावा का?
— एक गृहिणी, खानापूर तालुका

उत्तर : घ्यावा, परंतु क्लाउडवर विसंबणारा घेऊ नये. इंटरनेट गेले की असा कॅमेरा नेमका गरजेच्या रात्री काहीच साठवत नाही. मेमरी कार्ड घेणारा कॅमेरा घ्या. दर सेकंदाला २ मेगाबिट वेगाने अखंड चित्रीकरण केले, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा लागते, म्हणजे १२८ जीबीचे कार्ड सहा दिवसांच्या आत भरते आणि मग जुने पुसून नवे लिहिले जाते. कार्ड सतत लिहिण्यासाठी बनवलेले, म्हणजे 'हाय एंड्युरन्स' प्रकारचे घ्यावे. केवळ हालचालीच्या वेळी चित्रीकरण ठेवल्यास तेच कार्ड कितीतरी अधिक दिवस पुरते.

राउटर आणि कॅमेरा दोन्ही इन्व्हर्टरच्या जोडणीवर घ्या. एकच घेतला तर उपयोग होत नाही. राउटर वाय-फाय बहुधा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर देतो. जांभ्याच्या जाड भिंतीतून वाय-फाय क्षीण होते आणि ५ गिगाहर्ट्झचे तर २.४ पेक्षाही लवकर. अनेक कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिले असेल, तर जोडणीच्या वेळी पुष्कळदा गोंधळ होतो, म्हणून नावे वेगळी करावीत. पडवीतील कॅमेऱ्यापर्यंत नेटवर्कची तार नेता आली, तर पीओई प्रकारचा कॅमेरा घ्या. त्याला वीज आणि नेटवर्क एकाच तारेतून मिळतात आणि भिंतींचा प्रश्नच उरत नाही. बॅटरीवरचे कॅमेरे लावायला सोपे असले, तरी बॅटरी वाचवण्यासाठी ते बहुतांश वेळ झोपलेले असतात आणि आरटीएसपी बहुधा देत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : कॅमेरे बसवणाऱ्या तंत्रज्ञाने पासवर्ड स्वतःकडेच ठेवला आहे. नवा स्पीकर जोडायला तो लागतो. मागितला तर 'मी येऊन करून देतो' म्हणतो.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : पासवर्ड आपलाच आहे, तो घ्या. त्याशिवाय कोणतीही जोडणी होणार नाही आणि घरातील दृश्ये दुसऱ्याच्या हाती राहतील. तो देत नसेल, तर उपकरण मूळ स्थितीत आणून नव्याने नोंदवा. परंतु त्याआधी चॅनेलची नावे व सेटिंगचे फोटो काढून ठेवा आणि जतन करायचे चित्रीकरण पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. ॲपचे मुख्य खाते आपल्या मोबाइल क्रमांकावर ठेवा, मुलांना ॲपमधून सहभागी करून घ्या, पासवर्ड वाटू नका. २०१६ साली मिराई या व्हायरसने जगभरातील कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते म्हणून.

नवा कॅमेरा घेताना एसटीक्यूसी या केंद्र सरकारच्या चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राचीही चौकशी करा. केंद्र सरकारच्या ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेनुसार सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या चाचण्या ठरवण्यात आल्या आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्या बंधनकारक झाल्या. ते प्रमाणपत्र सुरक्षेचे आहे. आपल्या स्पीकरशी कॅमेरा जुळेल की नाही, हे त्यावरून कळणार नाही, ते वेगळे विचारावेच लागेल.