आजोबांचे नाव नेमके कोणते?

प्रश्न : माझ्या आजोबांना सगळे वेंगुर्ले आंतोन म्हणून ओळखत असे आणि सातबाऱ्यावरही तेच नाव आहे. वारस नोंदीसाठी चर्चच्या जुन्या लॅटिन वह्या पाहिल्या, तेव्हा त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत ‘आंतोनियुम’, माझ्या वडिलांच्या बाप्तिस्म्यात ‘आंतोनिई’ आणि मृत्यूच्या नोंदीत ‘आंतोनियुस’ असे आढळले. रेशनकार्डावर तर ‘अँथनी’ आहे. हा माणूस एकच आहे ना? आणि आजी त्यांना ‘आंतोनी’ अशी हाक मारी, तेही लॅटिनच का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : माणूस एकच आहे, बदलली आहे ती विभक्ती. आपण जसे आंतोनाने, आंतोनाक, आंतोनाचो म्हणतो, तसेच लॅटिनमध्येही नामाचे शेपूट वाक्यातल्या कामाप्रमाणे बदलते. ‘मी आंतोनला बाप्तिस्मा दिला’ असे पाद्री लिहितो, तेव्हा ते कर्म असल्याने ‘आंतोनियुम’ होते. वडिलांच्या नोंदीत ‘आंतोनचा मुलगा’ असे म्हणायचे असल्याने षष्ठीतले ‘आंतोनिई’ येते. आणि ‘आंतोन वारला’ या वाक्यात तो कर्ता असल्याने ‘आंतोनियुस’ हे मूळ रूप दिसते. चर्चकडून दाखला घेताना ही तिन्ही रूपे एकाच नावाची आहेत, असे त्यावर लिहून घ्यावे.

गंमत अशी की, हे मुळात कोणाचे पाळण्यातले नाव नव्हते. रोममध्ये आंतोनियुस हे कुळाचे नाव होते, आपल्या आडनावासारखे. ज्या रोमन सेनापतीला आपण मार्क अँटनी म्हणतो, त्याचे स्वतःचे नाव मार्कुस. त्याच्या वडिलांचे आणि आजोबांचेही मार्कुस आंतोनियुस हेच. मुलींना तर वेगळे नाव देण्याची रीतच नव्हती, त्यामुळे ऑक्टेव्हिया या बायकोपासून झालेल्या त्याच्या दोन्ही मुली आंतोनियाच, एक थोरली आणि एक धाकटी. इ.स.पू. 31 मध्ये ॲक्टियमच्या लढाईत तो हरला आणि पुढच्या वर्षी त्याने आत्महत्या केली, तेव्हा या घराण्यात यापुढे कोणी मार्कुस नाव ठेवू नये असा ठराव रोमच्या सिनेटने केला. बंदी आली ती मार्कुसवर. आंतोनियुस राहिले ते राहिलेच. मुक्त झालेला गुलाम धन्याचे कुळनाव घेई आणि नव्याने नागरिकत्व मिळालेला परप्रांतीयही ते मिळवून देणाऱ्याचे कुळनाव लावी, त्यामुळे अशी नावे ज्यांचा त्या कुळाशी रक्ताचा संबंध नव्हता अशा घरांतही पोहोचली.

पुढे इजिप्तच्या वाळवंटात तप करणारे संत अंतोनी (मृत्यू इ.स. 356) याच नावाचे होते. लिस्बनमध्ये 1195 च्या सुमारास जन्मलेल्या फेर्नांदो नावाच्या तरुणाने 1220 मध्ये फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्याशांच्या संघात प्रवेश करताना या वाळवंटातल्या संताचे नाव घेतले, आणि तोच पाडुआचा संत अंतोनी झाला. 13 जून 1231 रोजी तो वारला आणि वर्ष पुरे होण्याआधीच त्याला संतपद मिळाले. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून ज्याला गाऱ्हाणे घालतात, तो हाच. पोर्तुगीजांचा हा लाडका संत त्यांच्याबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांच्या सांत आंतोनिओ चर्चचे अवशेष आजही उभे आहेत, आणि गोव्याच्या शेजारामुळे तुमच्या भागात तर हे नाव घराघरांत गेले. त्याचे फेस्त ऐन मृगात येते.

आजीच्या हाकेचे उत्तर थोडे पुढे देतो.

प्रश्न : शेक्सपिअरच्या नाटकांत आंतोनिओ वारंवार भेटतो. हा एकच माणूस आहे का? आणि ‘अँटनी’चे ‘अँथनी’ कधी झाले? (एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : माणसे वेगळी आहेत. व्हेनिसचा व्यापारी, ‘टेम्पेस्ट’मध्ये भावाचे राज्य बळकावणारा, ‘ट्वेल्थ नाइट’मधला दर्यावर्दी आणि आणखी दोन नाटकांतली वडीलधारी माणसे, असे पाच आंतोनिओ आहेत, क्लिओपात्राचा अँटनी, म्हणजे वरचा मार्क अँटनी, तो निराळाच. इटलीतला गृहस्थ हवा की आंतोनिओ, असा त्याचा हात बसलेला दिसतो, जसा आपल्या जुन्या गोष्टींत गावचा माणूस हमखास गणपत किंवा रामा असे. त्यातला व्यापारी मात्र कोकणच्या माणसाला चटकन कळेल, कारण त्याची सारी पुंजी समुद्रावर गेलेल्या गलबतांत अडकलेली आहे.

‘थ’चा प्रकार म्हणजे पंडितांची चूक. ग्रीकमध्ये ‘आंथोस’ म्हणजे फूल. त्यावरून हे नाव आले असावे असे समजून इंग्रजीत ‘टी’पुढे ‘एच’ बसवला गेला. इंग्लंडमध्ये उच्चार बराच काळ ‘अँटनी’च राहिला, आपण मात्र लिहिल्याप्रमाणे वाचतो, म्हणून रेशनकार्डावरही अँथनी आणि 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तही अँथनीच. त्या चित्रपटातल्या पात्राचे अँथनी गोन्साल्विस हे नाव संगीतकार प्यारेलाल यांच्या गोमंतकीय व्हायोलिन गुरूंवरून ठेवलेले आहे.

आता वेंगुर्ल्याच्या आजींकडे वळतो. लॅटिनमध्ये संबोधनाची विभक्तीही आहे आणि आंतोनियुसचे संबोधन ‘आंतोनी’ असेच होते. आजींच्या तोंडी ते पोर्तुगीज आंतोनिओ झिजून आले असणार, पण रोमच्या बाजारात मार्क अँटनीला पाठीमागून कोणी हाक मारली असती, तर तीही हीच असती.