पाठकोऱ्या कागदांवरची गणितं

"ताई, मी 44 वर्षांची. केज तालुक्यातल्या एका गावात आमची पिठाची गिरणी आहे. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात आणि दहावीच्या मुलींची शाळा सुटते. म्हणून आठ वर्षांपासून दरसाल दोन-तीन मुली परीक्षेपर्यंत मी घरी ठेवून घेते. (मी स्वतः नववीच. लग्नानंतर दहा वर्षं आम्हीही कोयत्यावर होतो.) पहाटे चारला उठवते, चहा देते, दूध जास्तीचं लावते. मुली झोपल्या की उद्याची गणितं एकदा करून बघते, नाहीतर त्या विचारतात तेव्हा अडायला होतं. लाइटबिल वाढतं, त्यावरून घरात कुरबुर. आजवर एकही मुलगी नापास झाली नाही. एक नर्स झाली. मागच्या महिन्यात तिने स्टेटसला फोटो ठेवला, सरांचे, मामांचे, सगळ्यांचे आभार मानले. माझं नाव नव्हतं. मालक म्हणाले, लष्कराच्या भाकऱ्या भाजून काय मिळालं? तेव्हापासून मन उडालंय. प्रेरणाच संपली. यंदा मुली ठेवू की नको?"

ताई,

त्या नर्सबाईंना आधी सोडून द्या. तिने नाव घ्यायला हवं होतं का? असेल. पण बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीच्या स्टेटसपायी चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने महिनाभर अन्न गोड लागू देऊ नये, हे काही मला पटत नाही. तिच्याबद्दल मी एवढंच बोलणार.

मला बोलायचंय ते दूध आणि लाइटबिल यांच्या मधोमध तुम्ही दडपून टाकलेल्या एका वाक्याबद्दल. मुली झोपल्या की उद्याची गणितं करून बघता म्हणे! एका हंगामाच्या शंभर रात्री धरल्या तरी आठ वर्षांच्या आठशे होतात. आठशे रात्री तुम्ही दहावीचं बीजगणित सोडवताय आणि ते लिहिताय असं, जणू दळणाआधी जातं झटकून घेतलं. गणितं कशावर करता ते लिहिलं नाहीत. पैज लावते, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर. आणि सकाळी ती पानं बंबात जात असणार.

मुलींना अडलेलं सांगायला एवढं लागत नाही हो. पुस्तकात सोडवलेली उदाहरणं असतात, मागे उत्तरं असतात, शाळेत सर असतात. तुम्ही क्रेमरची पद्धत रात्री साडेअकराला करत बसता, कारण तुम्हाला ती करायची असते. नववीनंतर जे पुस्तक तुमच्या हातात यायचं होतं, ते आलंच नाही. मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे जोडपं. म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकतात आणि नववीतली पोर एका रात्रीत अर्धा कोयता होते. हे तुम्हाला मी काय सांगणार! इतर वाचकांसाठी लिहिलं.

मुलींवर तुम्ही उपकार केलेत, आणि त्यांच्या आडून स्वतःची राहिलेली शाळाही चालवलीत. दोन्ही खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण दर निकालाला दुसरीच्या गुणपत्रिकेत तुम्ही स्वतःचे गुण शोधायला लागलात. त्यावर नाव तिचंच असणार. फोटोतही तिचंच. म्हणून इतकं लागलं. आणि आता प्रेरणा कुठून आणू म्हणता! गिरणीवाली बाई शेजारी उसनं पीठ मागायला निघालीय.

मालकांचं अर्धं बरोबर आहे. लष्कराच्या भाकऱ्या भाजल्यातच. त्या लष्करात एक शिपाई घरातलाही होता, त्याच्या ताटात मात्र आजवर भाकरी पडली नाही, हे त्यांनाही दिसलं नाही आणि तुम्हालाही.

तेव्हा 17 नंबरचा फॉर्म भरा. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा हा फॉर्म. तुमच्या शाळेच्या सरांना विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं. फॉर्म राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा. शाळा सोडल्याचा दाखला, आधारकार्ड आणि फोटो लागतो. दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र. मुदत मंडळ दरवर्षी जाहीर करतं. चुकली तर विलंब शुल्क पडतं, आणि ते पडलं तरी भरा. गणितात बीजगणिताचा पेपर 40 चा, भूमितीचा 40 चा. बीजगणिताची तर तुम्हाला मुळीच काळजी नको. (मला दहावीला गणितात 35 होते. त्यातले तीन ग्रेसचे होते असा माझ्या भावाचा दावा आहे. त्यामुळे अंकगणिती श्रेढी अडली तर मला पत्र लिहू नका.)

या वयात पोरींच्या रांगेत बसायची लाज वाटेल. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात 2016 च्या महिला दिनी आज्यांची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या बाया, गुलाबी लुगडं, पाठीवर दप्तर. त्यांच्यापुढे तुम्ही बालवाडीतल्या.

आणि हो, यंदा मुली ठेवा. नाही ठेवल्या तर अभ्यासाला तुम्हाला उठवणार कोण? फक्त पहाटेचा चहा पाळीपाळीने त्या करतील आणि तुम्ही पुस्तक घेऊन बसाल. दिव्याखाली, सगळ्यांच्या देखत, नव्या दोनशे पानी वहीत. कॅलेंडरची पानं बंद. लाइटबिलावरून कुरबुर झाली तर म्हणा, घरात परीक्षेला बसलेलं माणूस आहे. दहावीचा पेपर पट्टा पडायच्या, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपायच्या, आधीच येतो, त्यामुळे तुमच्या पोरींचे आईबाप तेव्हा उसाच्या फडात असतील. यंदा पोरींना केंद्रापर्यंत सोडायला तुम्हाला वेगळं जावं लागणार नाही, एवढा तरी फायदा.

सोमवारी गिरणीचं काम मालकांवर सोपवा आणि जुन्या शाळेत जाऊन दाखल्याचं विचारा. त्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. तुमच्या दाखल्यावर तिथे काय लिहिलंय, ते मला कळवा.