एचओच्या गाड्या विकून एन स्केलला जावं का?

प्रश्न असा आहे: वय ४६, राहणार पुणे. दहा-बारा वर्षांत मॉडेल रेल्वेची, एचओ स्केलची (मापाची) ९ इंजिनं आणि चाळीसेक डबे जमलेत. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये लेआउटला, म्हणजे रूळ मांडायला, जागा नाही, सगळं खोक्यांत पडून आहे. विकून त्याहून लहान एन स्केल सुरू करावं का?

आमची सोसायटी सहा वर्षांपूर्वी पुनर्विकासाला गेली तेव्हा मी नेमकं हेच केलं. निम्मं बरोबर निघालं, निम्म्याचा अजून पस्तावा होतो. त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो.

आधी एक काम करा. मास्किंग टेपचं बंडल घ्या आणि हॉलच्या फरशीवर आपल्या आवडत्या गाडीची लांबी चिकटवा. एलएचबी, म्हणजे एक्सप्रेस गाड्यांचा नव्या घडणीचा डबा, साधारण साडेतेवीस मीटरचा. एचओच्या १:८७ ने भागलं की २७ सेंटिमीटर येतात, एनच्या १:१६० ने भागलं की पावणेपंधरा. वीस डब्यांची एक्सप्रेस एचओमध्ये इंजिनासकट साडेपाच मीटरच्या वर जाते, एनमध्ये तीन मीटरच्या जरा वर. आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी ही पट्टी लावली तेव्हा इंजिन मुख्य दाराशी होतं आणि गार्डाचा डबा स्वयंपाकघरात ओट्याखाली. बायको म्हणाली, "थांबा, सिग्नल पडल्याशिवाय मी भाजी टाकत नाही." ती पट्टी दोन दिवस तशीच ठेवली. निर्णयाला सर्वात जास्त मदत तिचीच झाली.

लांबीइतकाच नडतो तो वळणाचा घेर. एचओच्या सेटबरोबर येणारे १८ इंची त्रिज्येचे रूळ छोट्या डब्यांना चालतात. २७ सेंटिमीटरचा डबा त्यावर फिरला की पोट आत आणि टोकं बाहेर, शेजारच्या रुळावरची गाडी घासून जाते. बघायला बरं वाटावं असं वळण हवं तर किमान २४ इंची त्रिज्या धरा. म्हणजे नुसतं वळून परत यायलाच सव्वाचार-साडेचार फूट रुंदीचा पाट लागतो. आठ बाय चारचं प्लायवूड तिथेच आखूड पडतं. एनमध्ये मी काय केलं? सुताराकडून अडीच फूट रुंद, साडेसहा फूट लांब फ्लश डोअर आणलं, कडीकोयंड्याशिवाय. काटो या जपानी कंपनीच्या युनिट्रॅकचे ३१५ आणि ३४८ मिलिमीटर त्रिज्येचे रूळ त्यावर दुहेरी मार्ग म्हणून आरामात बसतात. दार हलकं असतं, वाकत नाही, आणि पाहुणे आले की पलंगाखाली सरकतं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मग ठरलंच की. थांबा.

जागेचा हिशोब सोपा असतो. खरा प्रश्न असा की सोफ्यावर बसून तुम्हाला काय बघायचंय, इंजिन की गाडी? एचओ हे इंजिन बघणाऱ्याचं स्केल आहे. हातात घेतलं की वजन लागतं, रेडिएटरचा पंखा, शिडी, दिव्याची काच, सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं. डब्ल्यूडीएम-२ हे आल्को या अमेरिकी कंपनीच्या रचनेचं डिझेल इंजिन एचओमध्ये जवळपास २० सेंटिमीटर भरतं. तेच एनमध्ये पावणेअकरा सेंटिमीटर, टीव्हीच्या लहान रिमोटएवढं. पण एनमध्ये गाडी गाडीसारखी दिसते. डोंगराच्या कडेने पंधरा डबे वळतायत, इंजिन बोगद्यात शिरलंय, शेपूट अजून पुलावर आहे, हे दृश्य घरात हवं असेल तर एनला पर्याय नाही. खंडाळ्याच्या घाटात दरीपलीकडून गाडी बघणारा माणूस एनचा. घोरपडीच्या शेडजवळ इंजिनाच्या आवाजावरून "आल्को आहे" म्हणणारा माणूस एचओचा. तुम्ही यातले कोण, ते तुम्हालाच माहीत.

मी स्वतःला घाटवाला समजलो होतो. भोर घाटाचा, म्हणजे त्याच खंडाळ्याच्या घाटाचा, चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर गेलं की एक मीटर वर. घरच्या लेआउटवर एक मार्ग दुसऱ्याच्या डोक्यावरून न्यायचा तर एचओमध्ये साधारण साडेसात सेंटिमीटर उंची लागते. घाटाचाच चढ धरला तर त्यासाठी पावणेतीन मीटर रूळ नुसता चढण्यातच जातो. एनमध्ये साडेचार सेंटिमीटर उंची पुरते, पावणेदोन मीटरच्या आत काम होतं. कागदावर हे बघितलं आणि मी एचओचं सगळं विकायला काढलं. सगळं म्हणजे सगळं, आणि चूक तिथे झाली.

माझ्याकडे एचओमध्ये स्विस 'क्रोकोडाइल' होतं, लांब नाकाचं विजेचं इंजिन, तपकिरी. पुण्यातल्या जुन्या मंडळींना ते बघितल्यावर आपला 'खेकडा' आठवतो, डब्ल्यूसीजी-१. १९२९-३० च्या सुमारास पुण्यापर्यंत वीज आली तेव्हाची ही घाटातली मालगाड्यांची इंजिनं. त्यांच्या रचनेत विंटरथूरच्या स्विस कारखान्याचा हात होता, त्यामुळे चेहरेपट्टी मिळतीजुळती. एक खेकडा दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, 'सर लेस्ली विल्सन' नावाचा. वडील म्हणायचे, लांबून तो कण्हत कण्हत यायचा. तर त्या मॉडेलची गंमत होती चाकं जोडणाऱ्या दांड्यांत. अगदी हळू, चालण्यापेक्षाही हळू सोडलं की दोन्ही बाजूंचे दांडे वर-खाली होत, आणि मी चहा गार करून तेवढंच बघत बसायचो. पुढे एनमधलं क्रोकोडाइल घेतलं. त्याचेही दांडे हलतात हो. पण बघायला भिंग लागतं, आणि एका हातात भिंग धरलं की दुसऱ्या हाताने चहा पिता येत नाही.

शिवाय विकताना फसलो. ज्यांनी घेतलं त्यांनी आधी चांगली तीन इंजिनं उचलली, "बाकीचं पुढच्या आठवड्यात नेतो" म्हणाले आणि तो आठवडा काही उजाडला नाही. डबे माझ्याकडेच राहिले, ओढायला धड इंजिन नाही. आपल्याकडे जुन्या मालाचे गिऱ्हाईक मोजके आणि चोखंदळ. विकायचंच असेल तर इंजिन आणि त्याचे डबे अशी जोडी लावूनच विका, सुटं देऊ नका.

आता तुमच्या वयाबद्दल, राग मानू नका. ४६ म्हणजे चाळिशीचा चष्मा लागला असेल किंवा दाराशी आला असेल. एनचा डबा रुळावर ठेवणं हा वेगळाच योग आहे. आठ चाकं, नऊ मिलिमीटरचा रूळ, सात बसली की आठवं उतरतं. यावर रुळावर चढवायची प्लास्टिकची घसरगुंडी मिळते, ती पहिल्या दिवशीच घ्या. डबे जोडणाऱ्या कपलिंगची स्प्रिंग तर एवढी बारीक की एकदा चिमट्यातून उडाली आणि मी संध्याकाळभर सोफा झाडला. तेव्हापासून दुरुस्ती करताना पाटावर पांढरा पंचा अंथरतो आणि त्याचं एक टोक शर्टाच्या खालच्या बटणात अडकवतो. उडालेलं सगळं मांडीवर येतं. घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग रविवार पेठेत मिळालं, तेही कामाचं आहे.

एनला धूळही जास्त नडते. इंजिन हलकं, त्यामुळे चाकाचा रुळाशी संपर्क नाजूक. सांध्यावर, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथे, हळू गेलं की अडखळतं. पुण्यात उन्हाळ्यात धूळ आणि जुलैत दमट हवा. मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने दर पंधरा दिवसांनी रूळ पुसतो, एचओच्या वेळी महिन्याने पुसलं तरी भागायचं. आणि पाटासाठी एमडीएफ अजिबात नको, पहिल्याच पावसाळ्यात कडेने फुगतो. दोन रुळांच्या जोडावर केसाएवढी पायरी झाली तर एचओ ती ओलांडून जातं, एन तिथे घसरतं.

एक तांत्रिक गोष्ट हौशी लोक फार बोलत नाहीत. गेज म्हणजे दोन रुळांतलं अंतर, आणि आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. एचओचा १६.५ आणि एनचा ९ मिलिमीटर रूळ मुळात परदेशी १४३५च्या गेजसाठी. हिशोबाने आपल्या गाडीला एचओमध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर रूळ हवा, एनमध्ये साडेदहा. म्हणजे दोन्हीकडे आपली गाडी अरुंद रुळावर, जाड माणूस छोट्या स्टुलावर बसल्यासारखी. एनमध्ये हा फरक दीड मिलिमीटरचाच, त्यामुळे डोळ्याला कमी टोचतो. आणि गंमत बघा, जपानी एन गाड्या बहुतेक १:१५० असतात, त्यांचा मूळ गेज १०६७. त्या ९ मिलिमीटरवर आल्या की गरजेपेक्षा रुंद रुळावर बसतात आणि आपल्या ब्रॉडगेजसारख्या ऐसपैस दिसतात! शिंकान्सेन मात्र १:१६०, आणि ब्रिटिश एन १:१४८. तेव्हा "एन घेतलं की सगळं जुळेल" या भ्रमात राहू नका. तुमच्या चाळीस डब्यांत हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीचे असतील तर ते १:७६चे, म्हणजे तुमची सरमिसळ आत्ताच झालेली आहे.

भारतीय रेल्वेची मॉडेल्स एचओमध्ये थोडीफार तरी होतात, एनमध्ये शोधावी लागतात, नाहीतर थ्रीडी प्रिंट करून स्वतः रंगवावी लागतात. तुमच्या नऊपैकी जी भारतीय असतील ती विकू नका. परत तशी मिळतील असं धरून चालू नका.

पैशाचं थोडक्यात. एनचं इंजिन आकाराने लहान म्हणून निम्म्या किमतीत येत नाही, मोटर आणि गिअर तेवढेच लागतात. बाहेरून मागवणार असाल तर सीमाशुल्कात मॉडेल गाड्या खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात, आणि खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. मागवण्याआधी त्या दिवशीचा दर बघा. डीसीसी, म्हणजे गाड्यांचं डिजिटल नियंत्रण, असेल तर कंट्रोलर दोन्ही स्केलला चालतो, फक्त एनसाठी रुळावरचा व्होल्टेज १२च्या आसपास ठेवा. इंजिनात बसणारे, कंट्रोलरचे संदेश वाचणारे डीकोडर मात्र बहुतेक बदलावे लागतील, एचओचा आठ पिनांचा डीकोडर एनच्या पोटात मावत नाही. तुमचं मार्कलिन या जर्मन कंपनीचं तीन रुळी असेल तर मग कंट्रोलरचाही विचार नव्याने करावा लागेल.

विकायच्या आधी एका शनिवारी-रविवारी कोथरूडला संगम प्रेससमोरच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात जाऊन या. १९९८ पासून आहे, एचओमध्ये. लहानपणी गेला असाल तरी आता वेगळ्या नजरेने बघा. खेळ सुरू असताना गाडीकडे बघू नका, स्वतःकडे बघा. तुमची नजर इंजिनाबरोबर पळते की पूर्ण गाडी पुलावर आली की थांबते?

नजर इंजिनाबरोबर पळत असेल तर स्केल बदलू नका, लेआउटचा विचार बदला. पाच-साडेपाच फुटांच्या फळीवर, पुस्तकांच्या कपाटावर, एचओचं शंटिंग यार्ड होतं. इंगलनुक नावाचा एक जुना ब्रिटिश प्रकार आहे: दोन सांधे, तीन सायडिंग (बाजूचे बंद रूळ), आठ वाघिणी. चिठ्ठ्या काढून पाच वाघिणींचा क्रम ठरवायचा आणि तो एका इंजिनाने लावून दाखवायचा. जेवणानंतर अर्धा तास कसा जातो कळत नाही. याला लांब डबे लागत नाहीत, वळण तर नाहीच.

आणि तिसरी वाट, जी मी आत्ता धरली आहे. एनचे ९ मिलिमीटरचे रूळ आणि त्यावर एचओच्या मापाची नॅरोगेज गाडी. नेरळ-माथेरान, १९०७ची दोन फुटी लाइन. नऊ मिलिमीटर एचओमध्ये अडीच फुटांच्या जरा वरच जातात, पण ते चालवून घ्यायचं. वळणं नखाएवढी, डबे बुटके, त्यामुळे घाट खरोखर फ्लश डोअरवर मावतो. एनसाठी घेतलेले रूळ वाया जात नाहीत, आणि माणसं, झाडं, टपऱ्या एचओच्याच वापरता येतात. विकायला काढलेल्या खोक्यात उरलेले माझे वडेवाले, हमाल आणि एक माकड, सगळे परत कामाला लागलेत.

तुमच्या जागी मी असतो तर नऊ इंजिनांपैकी जी गेल्या दोन वर्षांत एकदाही खोक्यातून काढली नाहीत ती डब्यांसकट विकली असती, आणि त्या पैशांत एनचा एक साधा सेट, एक गोल रूळ, बस्स. एक पावसाळा त्याच्यासोबत काढा. दिवाळीला फराळ करता करता ठरवा.

आणि हो, आजच एचओची खोकी उघडून बघा. जुन्या खोक्यांतला फोम दमट हवेत विरघळून इंजिनाच्या रंगाला चिकटतो. माझ्या एका निळ्या इंजिनाच्या पाठीवर अजून त्याचे करडे ठिपके आहेत, ते कोणी विकत घेतलं नाही. आता ते फळीवर आठ वाघिणी ढकलतं.