डिसेंबरात कल्टार ओतू नका

प्रश्न : सुरगाणा तालुक्यात डोंगरउतारावर 8 वर्षांचा केशर आंबा आहे. डिसेंबर आला तरी मोहोर नाही, नुसती तांबडी पालवी फुटतेय. दुकानदार म्हणतो, मोहोर आणणाऱ्या कल्टार या औषधाचा आत्ताच दुप्पट डोस द्या. द्यावा का?

उत्तर : देऊ नका. दुप्पट नाही, निम्माही नाही.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या बांधांवर हीच तक्रार ऐकतो आहे. काडी, म्हणजे मोहोर धरणारी कोवळी फांदी, पक्व झाली तरी तिला काही आठवडे गार रात्री लागतात, 15 अंशांच्या आसपास. आभाळ आले, रात्री उबदार राहिल्या, अवकाळी पडला की डोळ्यातून मोहोराऐवजी पालवी निघते. डोंगरातल्या झाडांना हवामान बदल असा गाठतो. हजार मीटर चढले की साधारण 6 अंश गारवा मिळतो. म्हणून कुलूच्या खोऱ्यातले सफरचंद आता लाहौल-स्पितीपर्यंत चढले. आपला कळसूबाईसुद्धा 1646 मीटरलाच संपतो. आपल्या झाडाला वर सरकायला जागा नाही, आहे तिथेच त्याला सांभाळावे लागेल.

कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, झाडाची वाढ रोखणारे रसायन. ते 15 जुलै ते 15 ऑगस्टमध्ये द्यायचे. कोकणात हापूसला शिफारस आहे ती झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला मीटरमागे 3 मिली, आणि तीही 10 वर्षांवरच्या जोमदार झाडाला. तुमचे झाड लहान, जमीन मुरमाड. आता ओतलेले यंदाच्या मोहोराला लागणार नाही, जमिनीत मात्र साठून राहील. दुप्पट डोसाच्या बागा मी पाहिल्यात : फूट आखडते, शेंड्याला पानांचे गुच्छ होतात, झाड वर्षानुवर्षे खुरटते. दुकानदाराची बाटली खपते, बाग तुमची बसते. डिसेंबरात कल्टार नको म्हणजे नको.

मोहोर आल्यावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसली तर पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम. भर उन्हात नाही. पूर्ण फुलोऱ्यात कीटकनाशक तर मुळीच नाही. माश्या मेल्या तर फळधारणा कशी होणार?

दरवर्षी सांगतो, पुन्हा सांगतो : रोपांसाठी जमीन भाजायला पालापाचोळा राबात जाळू नका. नागलीची (नाचणीची) रोपे गादीवाफ्यावर करा आणि तो पाला आंब्याच्या आळ्यात वीतभर पसरा, खोडाला न टेकवता. उताराच्या बाजूने अर्धचंद्राकृती बांध घाला. असे केलेल्या बागा एप्रिलच्या उन्हातही फळ धरून ठेवतात.

नवीन लागवडीला राज्य सरकारची फुंडकर फळबाग योजना आहे, अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, बाकी सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (आधीचे कृषी सहाय्यक) विचारा.

फुटलेली पालवी मोडू नका. पाणी तोडा, फळ वाटाण्याएवढे होईपर्यंत देऊ नका. न फुटलेल्या काड्यांवर जानेवारीच्या थंडीत अजून मोहोर येऊ शकतो.